जित्या बाईचा टाक

माझ्या आईच्या गळ्यात माझी दुसरी आई लोंबत असायची. काळ्या मण्यांच्या खाली, लाल गोफात ओवलेला चांदीचा टाक, बोटाच्या दोन पेरांएवढा. गेलेल्या माणसाचा टाक करून घरात ठेवायची आमच्याकडं रीत आहे. देव्हाऱ्यात देवांच्या खालच्या पायरीवर हे चपटे चांदीचे पूर्वज ओळीनं बसलेले असतात. आणि पहिली बायको वारल्यावर दुसरी आली, की तिनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती गेलेली बाई संसाराला नाट लावत नाही. माझी आई काही दुसरेपणाची नव्हती. अण्णांची पहिली आणि एकुलती एक बायको. पण मला घरात घेतल्यावर तिनं हा टाक घातला, आणि मी तिच्या कुशीत शिरले की तो गार पत्रा आधी माझ्या गालाला लागायचा आणि मग आई लागायची.

गावात बाकीची पोरं झालेली होती, मी आणलेली होते. अण्णा फौजेत होते. आमच्या गावात त्याचं काही अप्रूप नाही, घरटी एक माणूस पलटणीत असायचाच, आणि सुट्टीवर येताना कुणी कांबळं आणायचा, कुणी रमची बाटली, कुणी बायकोला तिकडची रंगीत शाल. अण्णांनी मला आणलं. पार तिकडून, आसामच्या पलीकडच्या डोंगरांतून. आमच्या गावाच्या लेखी कलकत्त्याच्या पुढं जे काही आहे ते सगळं आसामच. रहिमतपूरच्या स्टेशनावर एका खांद्यावर बिस्तरा आणि दुसऱ्यावर मी, असे ते उतरले. हे मला आईनं सांगितलेलं, मला त्यातलं काही आठवत नाही. दोन-अडीच वर्षांची असेन. चालत होते, पळत होते, बोलत तर अखंड होते, फक्त मी काय बोलते ते अख्ख्या गावात कुणाला कळत नव्हतं. आई म्हणायची, "लय बोलायचीस गं. कोंबड्यांशी बोलायचीस, म्हशीशी बोलायचीस. मग एक दिवस गप झालीस ती पार सुगी सरस्तवर. आन् पुन्यांदा तोंड उघाडलंस ते आमच्यासारखंच." ती हे कौतुकानं सांगायची. आता म्हातारपणी हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. एका सुगीत एका पोरीच्या तोंडातली अख्खी भाषा गेली, आणि घरातल्यांना वाटलं पोरगी रुळली.

दिसायला मी जशी होते तशीच आहे. डोळे बारीक, नाक बसकं, केस असे सरळसोट की आई तेल चोपडून घट्ट वेणी घालायची आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ती सुटलेली असायची. शाळेत मला नेपाळी म्हणायचे, चिनी म्हणायचे, कुणी गुरखीण म्हणायचे. मी काही रडत घरी येणाऱ्यांतली नव्हते. एकाच्या दंडाला मी असा चावा घेतला होता, की त्याचा वण तो अजून दाखवतो. सरपंच होऊन गेला तो आमच्या गावचा, आणि भाषणात सांगतो, ही आमच्या मंगलताईंची खूण. लोक हसतात, मीही हसते. तेव्हा मात्र हसले नव्हते.

टाक कसा झाला, तेही सांगते. मला आणल्यावर रोज दिवेलागणीला मी दाराकडं तोंड करून रडायची, आणि अंगात ताप भरायचा. अण्णांनी सांगितलं होतं, हिची आई तापानं गेली, मी स्वतः माती दिली. मग आळीतल्या जाणत्या बायकांनी निदान केलं, की जीव अडकलाय तिचा पोरीत, टाक करून गळ्यात घाल, तिला रोज पहिला घास ठेव, म्हणजे निवल. आई अण्णांना घेऊन साताऱ्याला सोनाराकडं गेली. सोनारानं विचारलं, "बाईचा तोंडवळा कसा होता?" अण्णा म्हणाले, "बाईमाणसासारखाच की." मग सोनारानं आपल्या हाताला जी सवय होती ती बाई ठोकून दिली. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ, मोठे मोठे डोळे. आई ती गळ्यात घालून आली, आणि योग असा की त्या आठवड्यातच माझा ताप उतरला. मग काय विचारता!

लहानपणी मला खरंच वाटायचं की माझी आई तशी दिसत होती. आई आंघोळीला गेली, की टाक खुंटीला अडकवलेला असायचा. मी तो हातात घेऊन आरशासमोर उभी राहायची. एकदा त्या बाईकडं बघायची, एकदा माझ्याकडं. तिचं काहीच माझ्यात नव्हतं. मला वाटायचं, मीच कुठंतरी बिघडलेय. त्या चपट्या बाईची मला भीती वाटायची, आणि तिला सोडवतही नव्हतं. दारामागं, उतरंडीमागं, कडब्याच्या गंजीआड ती उभी आहे आणि नथ हलवून मला बोलावते आहे, असं सारखं वाटायचं.

गावाच्या तोंडाला काय झाकण घालणार? सवतीचा टाक घातलाय म्हणजे सवतच असणार, ही पोरगी अण्णांचीच, तिकडच्या बाईपासनं झालेली, अशी कुजबुज ओढ्यावर चालायची. आईच्या कानावर यायचंच. ती धुणं आपटता आपटता म्हणायची, "सवत असती तर बरं झालं असतं बायांनो, निदान भांडायला तरी कुणी घावलं असतं. ही बया तर नुसती गळ्यात पडलीया." सगळ्या हसायच्या आणि विषय मोडायचा. आता माझ्या नातीनं, ऋतुजानं, मला एका नळीत थुंकायला लावलं आणि ती नळी कुठंतरी तपासायला पाठवली, तेव्हा ती शंकाही फिटली. अण्णांचं रक्त माझ्यात थेंबभरही नाही. मी आरपार त्या डोंगरांची आहे. आई असती तर ओढ्यावर जाऊन ओरडून आली असती.

त्या घरात सकाळ भाकरीच्या आवाजानं व्हायची. आई परातीत भाकरी थापायची, मागं गोठ्यात म्हशीच्या धारेची चरचर, लांबून कारखान्याचा भोंगा. गळीत हंगामात गावावर मळीचा आंबूस वास बसलेला असायचा, आमची सगळ्यांची कापडं त्या वासाची. तव्यावरची पहिली भाकरी उतरली की आई तिचा तुकडा मोडायची, त्यावर जे असेल ते ठेवायची, कधी मेथीचं गरगट, कधी वांग्याचं भरीत, कधी नुसतं शेंगाचटणी नि तेल, आणि गळ्यातला टाक पुढं ओढून त्या घासाला टेकवायची. "जेवा बाई," म्हणायची. मग तो तुकडा परसातल्या दगडावर ठेवायची. मला भूक लागलेली असायची, पण आधी तिचा घास, मग माझा. पितरांच्या पंधरवड्यात नवमीला तर तिच्या नावानं पान मांडलं जायचं आणि कावळा लगोलग शिवायचा. आई म्हणायची, "बघ, किती समाधानी बाई. काय मागं ऱ्हायलं न्हाई तिचं." मला वाईट वाटायचं. मी मागं राहिले होते की!

अण्णा तिकडच्या गोष्टी सांगायचे त्या मात्र झकास. त्यांच्या तुकडीत सगळे सातारा-सांगलीकडचे, आणि सहा महिन्यांत घरची आठवण येऊन या गड्यांनी त्या डोंगरांना आपली नावं देऊन टाकली होती. चौकीखालचा ओढा म्हणजे वेण्णा. समोरचा उंच डोंगर यवतेश्वर. चढाची वळणं म्हणजे खंबाटकी. आणि खाली बांबूच्या घरांचं गाव होतं, ते कोरेगाव. "तू कोरेगावची," अण्णा सांगायचे, "वेण्णंच्या काठाला घर तुमचं." मी शाळेत अभिमानानं सांगितलं, मी कोरेगावची, तर मास्तरांसकट वर्ग हसला. कोरेगाव आमच्यापासून एसटीनं जरासं लांब. पण पोरवयात माझ्या डोक्यात दोन्ही एक झाली होती. एसटी कोरेगावच्या स्टँडात थांबली, की मी खिडकीच्या गजांना तोंड लावून बायकांचे चेहरे बघायची, माझ्या तोंडवळ्याची कुणी मावशी, कुणी आत्या दिसते का. आईनं एकदा विचारलं, "काय बघतीस गं?" मी म्हटलं, "भजी." तिनं भजी घेऊन दिली. मी ती खिडकीकडंच तोंड करून खाल्ली.

मी दहावी झाले त्या वर्षी अण्णांचे फौजेतले जोडीदार सर्जेरावकाका आमच्याकडं आले. तासगावकडचे, नुकतेच रिटायर होऊन आलेले, पलटणीत औषधपाण्याच्या खोलीत काम केलेले. येताना बेदाण्याची मोठी पिशवी घेऊन आले. मला बघून म्हणाले, "आवं ही तीच का? ढेबरी पोरगी? माझ्या पायावर मुतलीवती गड्या ही!" मी लाजून आत पळाले, पण अंगात असं काही भरून आलं होतं की सांगता येत नाही. मला तिथं बघितलेलं एक माणूस, अण्णा सोडून, पहिल्यांदाच आमच्या घरात आलं होतं. आईनं मटण केलं. वाटणाच्या वासानं घर भरलं. अण्णा आणि काका पाटावर बसले, आईनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर रस्सा नि एक फोड ठेवली, टाक ओढून टेकवला आणि म्हणाली, "जेवा बाई."

काका बघत होते. "वैनी, ह्यो कुणाचा घास?"

"हिच्या आईचा, भावजी. डोंगरातल्या."

काका मोठ्यानं हसले. "आवं, घास कशापायी ठेवताय? त्यापरास तिला हिकडंच बोलवायची हुती ऱ्हायाला."

"गेल्याली बाई कशी येईल?" आई म्हणाली.

"गेली?" काकांचा हात ताटातच थांबला. त्यांनी अण्णांकडं बघितलं. "कवा रं गेली? मला न्हाई सांगितलंस कवा."

"जेव की गड्या," अण्णा म्हणाले. "गार हुतंय."

सर्जेरावकाका म्हणजे मनात काही न ठेवणारा माणूस. तिथंच गप बसले असते तर माझं आयुष्य वेगळं गेलं असतं. ते आईकडं वळून म्हणाले, "पोट सुजलंवतं बाईचं, आमच्या औषधाच्या हाताबाहेरचं. म्हणून खाली सपाटीच्या दवाखान्यात पाठवली. मीच बसवली की वैनी तिला ट्रकात. आपल्या पायानं चढली. पुढनं बरी झाली म्हणून डायवरनं सांगितलंवतं मला, पाठीवर टोपली घिऊन बाजारात दिसली म्हणून. तवर आमी दोघंबी तितनं हाललोवतो."

मी चुलीपाशी होते. आईच्या हातात पळी होती, रस्सा तिच्यातून ठिबकत होता. पाहुणा पानावर होता. तिनं काकांना वाढलं, आग्रह करून वाढलं, भात वाढला, ताक वाढलं. अण्णांच्या ताटाकडं ती फिरकली नाही. त्यांनी स्वतःच उठून भाकरी घेतली. काका निघाले तेव्हा त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत असणार, दारात घुटमळले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटीला गेले.

ते वळणाआड झाले आणि आई परसात गेली. दगडावरचा घास तसाच होता. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मला वाटलं ती अण्णांना शिव्या घालेल. ती त्या दगडाकडं बघत बारीक आवाजात म्हणाली, "मग इतकी वर्सं खाल्लं कुणी गं?"

त्या प्रश्नानं आमच्या घरात जे शिरलं ते पुढं कितीतरी दिवस गेलं नाही. मेलेली आई ही मला सवयीची होती. भीती वाटायची, पण ती कुठं आहे ते ठाऊक होतं, आईच्या गळ्यात, परसातल्या दगडावर. आता ती कुठंही असू शकत होती. मी दात घासत असताना ती टोपली घेऊन बाजारात चालत असेल. मी गणित सोडवत असताना ती मला शोधत असेल. किंवा शोधून दमून दुसरी मुलं घेऊन बसली असेल. भूत परवडलं हो, भुताला तुमच्यावाचून दुसरं काम नसतं. जित्या माणसाचा काही भरवसा नाही. मी झोपेतून दचकून उठायला लागले. आणि आईला वेगळीच धास्ती. जित्या बाईला रोज मढ्याचा घास ठेवला, नवमीला पान मांडलं, आपल्या हातून तिचं काही बरंवाईट झालं असलं तर? तिनं टाक उतरवून ठेवला. तिच्या गळ्यावर टाकाच्या मापाचा फिकट ठसा उमटला होता, तो पदरानं झाकून ती फिरायची. अण्णा पहाटेच रानात पाण्याच्या पाळीला जायचे आणि दिवस मावळल्यावर यायचे.

शेवटी एक दिवस आई मला घेऊन साताऱ्याला गेली, त्याच सोनाराकडं. त्यानं टाक ओळखला. आई म्हणाली, "ह्यो आटवून टाका." त्यानं विचारलं का, तर आईनं खरं ते सांगितलं. सोनारानं टाक झटक्यात खाली ठेवला. म्हणाला, "बाई, देवाचा असता तर आटवला असता, मेलेल्या माणसाचा असता तरी बघितलं असतं. जित्या माणसाला आगीत घालायचं काम मी नाही करणार. माहुलीला जा, पाण्यात सोडा." आम्ही माहुलीला गेलो. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं घाटाच्या पायऱ्या उतरून आई गुडघाभर पाण्यात गेली. मूठ पुढं केली. मी काठावर उभी. त्या वेण्णेच्या पाण्याकडं बघून मला एकदम हुंदका आला, कारण मी जिच्या काठाला जन्मले ती वेण्णा ही नव्हती आणि तिचं खरं नाव मला माहीत नव्हतं. बराच वेळ गेला. लोक बघायला लागले. आई तशीच ओल्या लुगड्यानं वर आली, मूठ मिटलेलीच.

"का गं?" मी विचारलं.

"जित्या बाईला बुडवू व्हय?" ती म्हणाली, आणि माझ्यावरच डाफरली, "चल, गाडी चुकंल."

घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर बूट पॉलिश करत बसले होते. रिटायर झाल्यावरही ते बुटांना पॉलिश करायचे, घालायचे मात्र कधी नाहीत. माझ्या अंगात कुठनं बळ आलं देव जाणे, मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अण्णा, माझं गाव कंचं?"

"सांगितलंय की लय बारी. कोरेगाव."

"ते तुमी ठेवल्यालं. ती लोकं काय म्हणायची?"

ब्रश थांबला. "आमी कोरेगावच म्हणायचो गं."

"आन् तिचं नाव?"

"बाई म्हणायचो."

"माझं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मला त्या क्षणी कळलं, की ते लपवत नाहीयेत. त्यांना खरंच माहीत नाही. अख्खा मुलूख त्यांनी डोळ्यांनी बघितला, तिथलं पाणी प्यायले, तिथलं मूल उचलून आणलं, आणि एकाही गोष्टीचं नाव विचारलं नाही. आपल्या घरच्या आठवणींनी त्यांनी माझं घर पुसून काढलं होतं. त्यात दुष्टावा नव्हता, म्हणून तर मला आणखी संताप आला. दुष्टावा असता तर भांडता आलं असतं.

"तिनं मला दिली का तुमाला?" मी विचारलं. आई दारात उभी होती.

अण्णांनी बूट खाली ठेवला. "ट्रकात चढली, आन् वरनं तुला माझ्या हातात दिली. तिची बोली मला येत न्हवती. हातानं असं दाखवलं." त्यांनी तळहात पुढं नेऊन स्वतःकडं वळवला. "येती म्हणून."

"का जाती म्हणून?"

"येती म्हणूनच." त्यांनी बूट परत उचलला. "मग आमची बदली आली. गावातनं एक म्हातारी तुला न्यायला दोनदा आलीवती. मी दिली न्हाई. देववली न्हाई मला. तू माझ्या गळ्याला अशी बिलगायचीस. आमाला पोर न्हवतं, मंगल." मग म्हणाले, "तिनं सांभाळाय दिलीवती. सांभाळतुयच न्हवं का?"

"सांभाळाय दिल्यालं माघारी द्यायचं असतंय," आई दारातून म्हणाली. "आन् मेली म्हणून का सांगितलंसा?"

"जिती हाय म्हणून सांगितलं असतं तर ठिवून घेतली असतीस तू?"

आईनं नसती ठेवून घेतली. ती सरळ बाई होती, पुढच्या गाडीनं तिनं अण्णांना पोरीसकट परत धाडलं असतं. हे तिला कळलं, मला कळलं. मग ती खाली उतरली, मूठ उघडली, आणि लाल गोफातला तो टाक अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमी मारलीया तिला," ती म्हणाली. "तुमीच घाला गळ्यात."

पुरुषानं असा टाक घातलेला आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता. अण्णांनी तो उचलला आणि घातला. बनियनच्या आत घालायचे, पण आंघोळीला उघडे बसले की दिसायचा. गावात विचारणारे विचारायचे, ते उत्तर द्यायचे नाहीत. शेवटपर्यंत घातला. माझ्यावर त्यांचा फार जीव होता आणि माझाही त्यांच्यावर, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण ही गोष्ट ऐकून लोकांना दोनातलं एकच काहीतरी हवं असतं, देवमाणूस नाहीतर चोर. ते माझे वडील होते. आणि त्यांनी मला चोरलं होतं.

त्या दिवसानंतर आईनं एक केलं. गावजत्रेत, लग्नाकार्यात, कुणी परगावची बाई माझ्याकडं बोट करून विचारायची, ही कोण, आणि कुणीतरी सवयीनं सांगायचं, अनाथ होती हो बिचारी, यांनी आणली, सोनं झालं पोरीचं. आई लांबून ऐकायची आणि येऊन खडसावायची, "अनाथ न्हवं. आई हाय तिची. ठावठिकाणा घावत न्हाई आमाला, एवढंच." माझी गोष्ट माझ्या डोक्यावरून सांगायची लोकांची जी खोड होती, ती तिनं मोडली. तिथून पुढं मीच सांगायला लागले. शोधायचं म्हटलं तर नाव नव्हतं, सर्जेरावकाकांनाही विचारलं तर त्यांनाही कोरेगावच ठाऊक, आणि तेवढ्या लांब जायला कुणाची सोबतही नव्हती. आता ऋतुजानं मोबाईलवर मला तो सगळा मुलूख उघडून दिलाय. दुपारी जरा पडले की मी चष्मा लावते, डोंगरांतलं एकेक गाव मोठं करते आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचते. एखाद्या नावाला आत कुठंतरी काही हलेल, असं वाटतं. अजून हललेलं नाही. वाचायची खूप राहिलीत.

माझं लग्न तासगावात झालं, सर्जेरावकाकांनीच जमवलं. त्या माणसाला आपल्या तोंडून काय निसटलं याची रुखरुख होती, आणि मुलगा खरोखर चांगला होता. साखरपुड्याची बोलणी चालली होती. मानपानात नवरीच्या आईला मुलाकडून साडी असते, तशी माझ्या सासूबाईंनी आईच्या हातात ठेवली. जांभळी, बारीक काठांची. आईनं ती कपाळाला लावली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ही वाढवल्याबद्दल झाली. पोटात वाढवली तिची कुठं हाय?"

अण्णा खाली बघत होते. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "आवं पर ती बाई न्हाई न्हवं?"

"हाय," आई म्हणाली. "हितं न्हाई."

मला वाटलं, मोडतंय आता. पण सासूबाई उठल्या, आतल्या खोलीत बांधून ठेवलेल्या कापडांतून दुसरी साडी घेऊन आल्या, हिरवी, आणि आईच्या मांडीवर पहिलीवर ठेवली. आई म्हणाली, "ही मी न्हाई घेणार. तिच्या लेकीकडं द्या." मग ती माझ्या ओटीत आली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली, अण्णाही गेले. त्यांचं जे करायचं ते सगळं मी केलं, दर वर्षी करते. हिरवी साडी माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. पावसाळा सरला की मी ती बाहेर काढते, उन्हात ठेवते, घड्या बदलते आणि परत ठेवते. मागच्या दिवाळीत सुनेनं ती बघितली आणि अंगाला लावून आरशापुढं उभी राहिली.

"आई, किती सुरेख आहे! नुसती पडून आहे, मी नेसू का एकदा?"

"नको गं," मी म्हटलं. "जिची आहे तिनं अजून घडी मोडलेली नाही."